झाकणावरचं आडनाव

औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर तिचा पाय झाकणावर पडला. पडला म्हणजे टाच टेकून, सगळा भार टाकून, नावाच्या ऐन मध्यावर. डावा पाय उचलायचा, थोडा लांब टाकायचा आणि झाकण ओलांडून पुढे जायचं, हे ती चालायला शिकली तेव्हापासून करत आली होती. दाराला कडी लावताना विचार करावा लागत नाही, तसा त्यासाठीही लागत नसे. आज मात्र झाकणावर कुणीतरी पिवळ्या रंगाची जाड फुली मारून ठेवली होती. फुलीकडे बघताना पाऊल आखडलं, आखडलेल्या पावलात गुडघ्याने दगा दिला आणि व्हायचं ते झालं. मागून येणारा माणूस "अहो, चला की" म्हणत बाजूने निघून गेला. ती तशीच उभी होती. झाकण वाजलं नाही, हे आधी तिच्या लक्षात आलं. बाबांची झाकणं वाजत नसत. मग आपण कशावर उभ्या आहोत ते लक्षात आलं, आणि तिने पाय असा उचलला की हातातली डब्याची पिशवी खांबावर आपटली. औषधवाल्याने काउंटरवरून मान वर करून पाहिलं. "लागलं का?" "नाही नाही," ती म्हणाली, आणि लागल्यासारखीच लंगडत पुढे गेली. पिवळ्या फुलीचा अर्थ तिला ठाऊक होता. पलीकडच्या रस्त्यावर गेल्या आठवड्यात अशाच फुल्या पडल्या होत्या, आणि त्याच संध्याकाळपर्यंत फुल्या पडलेली झाकणं जाऊन तिथे करड्या रंगाची, हलकी, बिननावाची झाकणं आली होती. तिच्या रस्त्यावरचं हे शेवटचं होतं.

त्या आडनावाबद्दल या शहरात कुणी कुणाला विचारत नाही, कारण सांगून उपयोग नसतो. बाजारात त्या नावाने हाक मारली तर निम्मा बाजार मागे वळतो, आणि उरलेला निम्मा बायकोच्या माहेरचं कुणी आलंय का म्हणून वळतो. नदीवरचा जुना पूल त्या आडनावाचा, पुलापलीकडची गल्ली त्याच आडनावाची. गल्लीच्या तोंडाशी बेकरी, बेकरीच्या वर दातांचा दवाखाना, पुढे मुलींची शाळा, सगळ्या पाट्या एकाच घरच्या वाटाव्यात अशा. चौकातल्या पुतळ्यातले न्यायाधीश त्या आडनावाचे, आणि त्यांनी ज्याला जन्मठेप दिली तो दरोडेखोरही त्याच आडनावाचा. त्यामुळे लोक एकमेकांना धंद्यावरून, घरावरून, फार तर एखाद्या व्यंगावरून ओळखतात. सायकलवाले, पुलाखालचे, तोतरे मास्तर. तिचे वडील साचेवाले, म्हणून ती साचेवाल्यांची मधली. लग्न झालं तेही त्याच आडनावाच्या घड्याळवाल्याशी. सही बदलावी लागली नाही एवढाच काय तो फायदा, असं ती म्हणे. "झाला ना फायदा? मग कुरकुर कसली," असं घड्याळवाला म्हणे. आईचंही तसंच झालं होतं. लग्नात तिला घर तेवढं बदलावं लागलं होतं.

बाबांना मात्र या सगळ्याचं कोण कौतुक. सुट्टीच्या दिवशी ते तिन्ही पोरांना घेऊन फिरायला निघत, धाकटी खांद्यावर, मधली बोटाला, दादा पुढे. पूल आला की बाबा कठड्यावर थाप मारत. "हा आपला पूल." दादा लहानपणापासून वकिली डोक्याचा. "आपला म्हणजे?" "आपला म्हणजे आपला." "मग आपण त्याचे पैसे घेतो का?" "आपल्याच पुलावरून जायचे लोकांकडून पैसे घ्यायचे? शोभतं का ते?" बेकरी आपली, शाळा आपली, पुतळा आपला. दरोडेखोराचं काय, असं दादाने एकदा विचारलं तेव्हा बाबा क्षणभरही अडले नाहीत. "तोही आपलाच. एवढ्या मोठ्या घरात एखादा निघतोच." घरी आल्यावर आईला हे कळलं. ती कपडे वाळत घालत होती, तोंडातला चिमटा काढून म्हणाली, "त्याला तुमच्या बाजूला धरा. माझ्या माहेरात असलं कुणी नाही." आणि बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. असा तो सगळा हसण्याचा मामला होता. फक्त रस्त्यावरची झाकणं आली की बाबा हसायचे थांबत. कारण पूल त्यांनी बांधला नव्हता आणि पाव त्यांनी भाजले नव्हते, पण गटाराची ती जाड, गोल, बिडाची झाकणं त्यांनी केली होती. झाकणाच्या कडेने कमानीसारखी पट्टी होती आणि पट्टीवर उठावाच्या अक्षरात ते आडनाव.

फाउंड्रीच्या मालकांचं आडनाव तेच होतं. नातं काही नाही, सुतराम नाही. मालक टेकडीवरच्या बंगल्यात राहत आणि साचेवाले नदीकाठच्या दोन खोल्यांत. तिला फाउंड्री आठवे ती वासाने. दुपारी डबा घेऊन गेलं की फाटकापाशीच ओल्या वाळूचा आणि जळक्या कोळशाचा वास नाकात शिरे, आणि आत अंधारात कुठेतरी लोखंडाचा रस एका भांड्यातून दुसऱ्यात पडताना उजेड भिंतीवर चढे आणि उतरे. बाबा त्या उजेडाच्या अलीकडे, खिडकीपाशी बसलेले असत. त्यांच्यासमोर लाकडी नमुना, म्हणजे लाकडाचं झाकणच. त्यावर पितळेचं एकेक अक्षर बारीक खिळ्यांनी ठोकायचं, कडा कानशीने मारायच्या, मग तो नमुना वाळूत दाबून उचलायचा. वाळूत नाव उलटं उमटे. बाबा ते उलटं नाव बोट न लावता वाचत, एखाद्या अक्षराचा काना ढासळला असेल तर पातळ पात्याने नीट करत, आणि फुंकर मारताना श्वास असा धरत की आपण बोललो तर बाबांचं नाव मोडेल असं वाटून तीही श्वास धरून उभी राही. घरी आल्यावर त्यांच्या कानांच्या पाळ्यांत, भुवयांत, चपलांच्या शिवणीत काळी वाळू असे. आई रोज खोली झाडी आणि रोज बोले. आईच्या बोलण्याला बाबांचं एकच उत्तर असे, "करतो." स्वयंपाकघरातली फळी एका बाजूने उतरली होती. "ती फळी बसवा हो." "करतो." फळीवरच्या बरण्या हळूहळू एका कोपऱ्यात गोळा झाल्या. आईने पुन्हा सांगितलं, पुन्हा "करतो." नकार म्हणून कधी दिला नाही त्यांनी कुणाला. फळी मात्र बाबा गेले तेव्हाही तशीच तिरकी होती.

तर नियम असा होता, की आपल्या नावावर पाय द्यायचा नाही. इतर कुणी द्यावा, लोकांना काय, रस्ता लोकांचाच आहे. पण साचेवाल्यांच्या घरच्याने झाकण ओलांडायचं. दादाची ढांग मोठी होती, तिची बेताची, आणि धाकटीला तर एवढं अंतर झेपतच नसे. ती झाकणापाशी आली की रडकुंडीला येई. तेव्हा बाबांनी तिला जागा दाखवली. नाव सुरू होण्याआधी त्या कमानीत थोडी जागा कोरी होती. अक्षर नाही, नक्षी नाही, गुळगुळीत लोखंड. लहान मुलाचा चवडा मावेल एवढीच. "पाय पुरत नसेल तर इथे ठेव," बाबा म्हणाले होते. "इथे कुणाचंच नाव नाही." त्या दिवसापासून धाकटी तिथे चवडा टेकवी आणि टुणकन पलीकडे जाई, आणि मधलीला, आपण मोठ्या झालो म्हणून ती जागा आपल्याला नाही, याचं वाईट वाटे. ती जागा बाबांनी लहान मुलांसाठीच सोडली आहे, याबद्दल तिच्या मनात कधी शंका आली नाही. आपले बाबा एवढ्या मोठ्या शहरातल्या सगळ्या लहान पायांचा विचार करतात असं तिला वाटे, आणि हे वाटणं ती कुणाला सांगत नसे. सांगितलं असतं तर दादाने हसून हसून जीव नकोसा केला असता.

दादाने ते केलंच, पण नंतर, आणि हसून नाही. बाबांना पोचवून परत येताना सगळे थकलेले, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. याच कोपऱ्यावर दादा थांबला. शहाण्यासारखा बाजूने गेला असता तरी चाललं असतं. त्याने झाकणावर एक पाय ठेवला, मग दुसरा ठेवला, आणि दोन्ही बुटांनी नावावर उभा राहून म्हणाला, "मालकाचं नाव आहे हे. मालकाच्या फाउंड्रीचं, मालकाच्या मालावरचं. बाबा जन्मभर दुसऱ्याच्या पाटीला आपली म्हणत राहिले आणि आपल्याला उड्या मारायला लावल्या." त्याचा आवाज चिरकला होता, डोळे लाल होते, हे तिला दिसत होतं. तो बाबांवर नाही, बाबा गेले यावर चिडला होता, हेही तिला तेव्हाच कळलं होतं. पण बोललेलं वाक्य बोललेलं राहतं. धाकटी पुढे परदेशी गेली, तिथे झाकणांवर भलतीच नावं. दादा दुसऱ्या शहरात विम्याच्या कचेरीत मोठा साहेब झाला, दर रविवारी फोन करतो, गुडघ्याची चौकशी करतो, गोड बोलतो. झाकण ओलांडणारी ती एकटी उरली. आणि गंमत अशी की इतकी वर्षं ती ओलांडत आली ती बाबांवरच्या विश्वासाने की दादावरच्या रागाने, हे तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. बाबांचा तो ताठ मान करून चालण्याचा अभिमान त्यांचा स्वतःचा होता की मालकाकडून उसना आणलेला, एवढंच तिला कधीतरी कळायला हवं होतं. विचारायचं कुणाला? फाउंड्री बंद पडली, भट्टीवरची माणसं एकेक करून गेली, मालकांचं कुटुंब बंगला विकून केव्हाच शहर सोडून गेलं.

डोळ्यांच्या दवाखान्यात ती समोरच्या टेबलावर बसते. पेशंटना आत पाठवणं हे तिचं काम. डॉक्टर नवे आहेत, त्यांनी भिंतीवर नंबर दाखवणारी पाटी लावली होती. पण डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीवरचा नंबर कुणाला दिसणार, हे त्यांना पाटी लावल्यावर उमगलं, आणि काम पुन्हा तिच्या तोंडावर आलं. तिची हाक मारायची पद्धत सगळ्या गावाला पाठ होती. आडनाव ती कधीच उच्चारत नसे. "पुलाखालचे सायकलवाले, या." "बेकरीवाल्यांच्या थोरल्या सूनबाई." "तोतरे मास्तर नव्हे, त्यांचे व्याही." ज्याची त्याला हाक बरोबर पोचे आणि बाकीचे खुर्चीत निवांत राहत. आज मात्र सकाळपासून तिच्या टाचेत काहीतरी बसलं होतं. दुखत नव्हतं. भार होता, थंडगार आणि गोल, आणि पाय टेबलाखाली कुठेही ठेवला तरी तो भार पायाबरोबर येई. नावावर उभं राहिल्याबरोबर काय वाटलं, हे ती आठवत होती. भीती वाटली होती, पण त्या भीतीच्या आत, तळाशी, अगदी क्षणभर, छान वाटलं होतं. ते काय होतं? आतून घंटा वाजली. तिने समोरचा कागद उचलला, नजर टाकली, आणि ज्या तोंडाने आजवर कधी ही चूक केली नव्हती त्या तोंडाने नुसतं आडनाव पुकारलं.

अर्धी खोली उठली. काठ्या खडखडल्या, चष्मे सावरले गेले, एकाच्या मांडीवरची टोपी खाली पडली, आणि उठलेली सगळी माणसं एकमेकांकडे 'तुम्ही का उठलात' अशा चेहऱ्याने बघायला लागली. सायकलवाले म्हणाले, "मधले, काय गं, बरं नाही का?" कुणीतरी म्हणालं, "सगळ्यांनी आत जायचंय का? डॉक्टरांकडे खुर्च्या आहेत ना तेवढ्या?" आणि सगळे हसले. तिचे कान तापले. तेवढ्यात कोपऱ्यातून एक जाड, ठाम आवाज आला. "उठू नका कुणी. माझीच हाक असणार ती." एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या एक म्हाताऱ्या बाई तिथे बसल्या होत्या. खोलीतली तेवढी एकच आडनाववाली जागची हलली नव्हती. "आमच्या वडिलांच्या काळात हे नाव पुकारलं की आम्हीच असायचो. बाकीचे उभे राहायचे, पण आमच्यासाठी." हे त्या भांडण काढायला म्हणाल्या नव्हत्या, घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं म्हणाल्या. सायकलवाल्यांच्या भुवया वर गेल्या. तिने कागद नीट पाहिला. ऑपरेशन मोठ्या हॉस्पिटलात झालेलं, आज इथे फक्त पट्टी काढायची. पत्ता नव्या वसाहतीतला, भाच्याच्या घरचा. "वडील कोण आपले, बाई?" तिने विचारलं. "फाउंड्री होती आमची," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय माहीत असणार. पण रस्त्यात खाली बघितलंत तर अजून दिसेल नाव."

पट्टी काढून, डोळ्यात औषध घालून बाईंना तासभर बाहेर बसवायचं होतं. तिने त्यांना स्वतःच्या टेबलाशेजारची खुर्ची दिली. कागद उगाच सारखे करत होती ती. सांगावं की नाही? सांगितलं आणि बाई म्हणाल्या की हो, होता कुणीतरी साचेवाला, नोकर माणूस, तर? दादाचं वाक्य मग कायमचं खरं होईल, आणि नेमकं आज, झाकण निघायच्या दिवशी. न विचारता बाई उठून गेल्या असत्या तर निदान शंका तरी उरली असती, आणि शंकेवर तिने इतकी वर्षं काढलीच होती. पण टाचेतला तो भार गप्प बसू देईना. ती म्हणाली, "माझे वडील तुमच्याकडे होते. खिडकीपाशी बसायचे. साचेवाले."

बाईंनी मान वळवली आणि नव्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. डोळा लाल होता, पाण्याने भरलेला, पण बघत होता. बराच वेळ बघत होता. "करतो," बाई म्हणाल्या.

"काय?"

"तुझे वडील म्हणजे 'करतो'. आमच्या घरी त्यांचं नावच ते होतं. साचेवाले कुणी म्हणायचंच नाही. बाबा जेवायला बसले की आई विचारायची, आज काय म्हणाला तुमचा करतो?" तुम्हीवरून बाई कधी तूवर आल्या ते दोघींनाही कळलं नाही. "तू झाकण नीट बघितलंयस का गं? नावाच्या आधी कोरी जागा आहे बघ."

"आहे," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून ऐकू आला. "लहान मुलांसाठी."

"कसली लहान मुलांसाठी! माझ्या वडिलांच्या नावाची आद्याक्षरं यायची होती तिथे. त्यांचं आणि आजोबांचं, दोन अक्षरं, मग आडनाव. शहराच्या कामाचा पहिलाच मोठा माल होता. बाबांनी स्वतः कागदावर काढून दिलं होतं कसं पाहिजे ते. तुझ्या वडिलांनी पट्टी बरोबर मापाने आखली, जागा सोडली, आडनाव ठोकलं आणि ती दोन अक्षरं ठोकलीच नाहीत. पहिली रास साच्यांतून निघाली तेव्हा बाबा बघायला गेले. चवताळले. विचारलं, माझी अक्षरं कुठायत? तर तुझे वडील म्हणाले, राहिली. करतो."

तिच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याच क्षणी डोळे भरून आले. तो आवाज तिला ऐकू आला, तिरक्या फळीखालून येणारा, अजिबात घाई नसलेला. सायकलवाले समोरून बघत होते, बघू देत. "मग?" ती म्हणाली.

"मग काय! पुढची रास तशीच. पुन्हा विचारलं, पुन्हा करतो. बाबा म्हणायचे, या माणसाला भांडता येत नाही, नाही म्हणता येत नाही, आणि हलवता येत नाही. काढून टाकीन म्हणायचे. पण एवढं स्वच्छ अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं. आणि खरं सांगू? ते कारण नव्हतंच." बाईंनी डोळा टिपला. औषधाने पाणी येत होतं. "पहिल्या दिवशी बाबा ओरडायला खाली गेले ना, तेव्हा भट्टीवरची माणसं झाकणाभोवती जमली होती. आपापल्या बाहीने नाव पुसत होती. त्यातल्या निम्म्यांचं आडनाव तेच. एकाने तर बायकोला फाटकापाशी बोलावून आणलं होतं, बघ म्हणून. ती दोन अक्षरं पुढे असती तर ते एकट्या बाबांचं नाव झालं असतं. नव्हती, म्हणून ते सगळ्यांचं झालं. बाबा घरी आले ते जेवले नाहीत. आईला म्हणाले, माझ्या नावाला आज भलतेच वारस निघाले." बाईंनी पुन्हा डोळा टिपला. "त्यांना ते आवडलं नाही, कधीच आवडलं नाही, खोटं कशाला बोलू. म्हातारपणीसुद्धा रस्त्यात झाकण दिसलं की त्या कोऱ्या जागेवर काठी आपटायचे. पण नवा नमुना त्यांनी दुसऱ्या कुणाकडून करून घेतला नाही. घेता आला असता."

दवाखान्यात कुणी खोकत होतं, आतली घंटा वाजत होती, तिने "बेकरीवाल्यांच्या थोरल्या सूनबाई" अशी हाक नेमकी मारली, आणि सूनबाई आत गेल्या. पण मनाने ती नदीकाठच्या दोन खोल्यांत होती. इथे कुणाचंच नाव नाही, असं बाबा धाकटीला म्हणाले होते. अगदी साधेपणाने, पाय ठेव, पडशील, अशा स्वरात. त्यांना ठाऊक होतं तिथे कुणाचं नाव यायचं आहे. दर दिवशी खिडकीपाशी बसून, ती दोन पितळी अक्षरं डबीत तशीच ठेवून, ते मालकाला हो म्हणत होते आणि ती जागा कोरी राखत होते, आणि घरी येऊन त्यांनी ती आपल्या सर्वांत लहान मुलीच्या पायाला देऊन टाकली होती. याबद्दल घरात एक शब्द काढला नाही. आईलाही नाही, नाहीतर आईने फळीवरून बोलताना ते कधीतरी काढलं असतंच. एवढा मोठा माणूस आपल्या घरात काळी वाळू झटकत बसत होता आणि आपण त्याला भोळा समजलो. भोळा कसला! तिला एकदम इतका अभिमान वाटला की तो अंगात मावेना, उठून उभं राहावंसं वाटलं, आणि ती उठलीही. मग उगाच पाणी पिऊन खाली बसली.

"आम्ही त्याच्यावर पाय देत नाही," ती बाईंना म्हणाली. "आमच्या घरचा नियम आहे. ओलांडून जायचं."

"अगंबाई," बाई म्हणाल्या. "आमच्या घरचा नियम उलटा. दिसलं की वर उभं राहायचं, दोन्ही पाय ठेवून. बाबा म्हणायचे, आपलं वजन पेलत नसेल तर आपलं नाव कशाला पाहिजे त्यावर? आम्ही भावंडं नाचायचो वर. एकदाही वाजलं नाही." हे सांगताना त्यांची मान अशी ताठ झाली की क्षणभर तिला वाटलं, हे वळण आपल्या ओळखीचं आहे. सुतराम नातं नसलेल्या दोन माणसांची मान एकाच गोष्टीसाठी ताठ होत होती. "आज काढतायत ते," ती म्हणाली. "कोपऱ्यावरचं. सकाळी फुली होती."

बाईंनी काठी शोधली. "मग बसलोय कशाला आपण?"

दवाखाना सुटायला अवकाश होता. तिने सायकलवाल्यांना टेबलावर बसवलं. ते आनंदाने बसले आणि पहिलीच हाक त्यांनी नुसत्या आडनावाने मारली, त्याचा गोंधळ जिन्यापर्यंत ऐकू आला. दुपार कलली होती. बाईंना नव्या डोळ्याला ऊन सोसत नव्हतं, तिने त्यांना आपल्या पिशवीची सावली धरली. औषधाच्या दुकानासमोर रस्ता अडवला होता. करड्या रंगाचं नवं झाकण भिंतीला टेकून उभं होतं, आणि दोन कामगार पहारी घेऊन जुन्याच्या कडेला वाळू मोकळी करत होते. त्यांचा मुकादम फोनवर बोलत होता. "जरा थांबा," ती त्यांना म्हणाली, आणि कामगार थांबले, कारण दोन म्हाताऱ्या बायकांना नाही म्हणायला वेळ लागतो.

बाई वाकून बघत होत्या. पिवळ्या फुलीच्या खालून नाव वर आलं होतं. इतक्या पायांनी घासून अक्षरांचे माथे उजळ झाले होते, खाचा काळ्या होत्या, एकही काना झिजून गेला नव्हता. "दिसतंय," बाई म्हणाल्या. "स्वच्छ दिसतंय गं." मग त्यांनी आपल्या घरच्या रीतीने काठी बाजूला टेकवून एक पाय नावावर ठेवला, दुसरा ठेवला, आणि ताठ उभ्या राहिल्या. एक कामगार "आजी, पडाल" म्हणून पुढे झाला, त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने आधी चप्पल काढली. का काढली ते तिला सांगता आलं नसतं. मग बाईंचा हात धरला, दुखरा गुडघा सांभाळत डावा पाय उचलला आणि चवडा त्या कोऱ्या जागेवर ठेवला. लोखंड दिवसभराच्या उन्हाने तापलं होतं. पाऊल आता मोठं होतं, जागेत मावत नव्हतं, बोटं पहिल्या अक्षरावर गेली. जाऊ देत. तिने उजवा पायही वर घेतला आणि सकाळी क्षणभर तळाशी जे वाटलं होतं ते आता टाचेतून वर, पाठीच्या कण्यातून मानेपर्यंत सावकाश चढलं. दादाला रविवारी फोनवर सांगायचं होतं. नाही, आजच सांगायचं. काय आणि कसं ते तिच्या मनात तयार होत होतं, पहिलं वाक्य सापडत होतं, आणि तिला कसलीही घाई नव्हती.

मुकादमाने फोन खिशात टाकला आणि जवळ आला. त्याने झाकणावरचं नाव वाचलं, मान तिरकी करून पुन्हा वाचलं, आणि हसला. "हे तर आमचंच आडनाव. कुणी घातलं हो?"

"माझ्या वडिलांनी," दोघी एकदमच म्हणाल्या.

"असं होय." मुकादमाने एकीकडून दुसरीकडे पाहिलं, आणि शहाणा माणूस असल्यामुळे पुढे विचारलं नाही. मागे गाडी थांबली होती, चालक हॉर्न वाजवत होता, कामगार पहारीवर हात ठेवून उभे होते. "बरं, उतरा आता मावशी. आम्हाला हे उचलायचंय."

तिने त्याच्याकडे पाहिलं. बाईंचा हात तिच्या हातात होता, खाली झाकण जराही हललं नव्हतं.

"उतरते," ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.